डाव्या बाजूचे बोल्ट

१

ज्याने बोल्ट आवळला त्याने त्यावर रंग लावायचा नाही. आमच्या गॅरेजातला हा एकच नियम. मी आवळला तर डेन्झिल पाना लावून बघणार आणि मग पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढणार, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या लोखंडावर. त्याने आवळला तर रेघ माझी. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, हा तिचा उपयोग. पण रेघ म्हणजे मुळात दुसऱ्या माणसाचा शब्द. रेघ दिसत असताना त्या बोल्टला पुन्हा पाना लावणं म्हणजे त्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणणं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना नाही नाही ते बोललो, पण एवढं कधी बोललो नाही.

गाडी आम्ही घरीच बांधलेली. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, अंगावर पातळ पत्रा, दोघांपुरती जागा. छप्पर नाही, दारं नाहीत. आत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर आणि मागचं चाक कोपराशी. तंत्रशाळेत तेव्हा मुलींना घेत नसत, म्हणून मी वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि भंगारातल्या इंजिनांवर शिकले. डेन्झिल इथल्या कॉर्नवॉलच्या खाणीत यंत्रांवर होता. तो डाव्या बाजूला, मी उजव्या, अशी आमची वाटणी कायमची.

गेल्या शरदात त्याला टेकडीखालच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. त्याचं सगळं विसरून झालं आहे. मला तो ‘बाई’ म्हणतो, आणि तेही अदबीने, याचा जास्त राग येतो. विचारतो ते एकच: ‘गाडी सुरू झाली का?’ डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याचं हृदय फार दिवस साथ देणार नाही, उन्हाळा दिसला तर दिसला. त्याच दिवशी मी ठरवलं. एकदा त्याला त्या गाडीत घालून माळावरच्या रस्त्याने न्यायचं. त्या गाडीत तो मला ओळखेल. त्याच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचं होतं. बाकी कुणाकडून मला काही नको होतं.

अडचण एकच होती. गाडीचा जुना डिफरन्शियल वेगात किंचाळायचा, आणि आता कुठला मोठा आवाज झाला की डेन्झिल कान दाबून लहान मुलासारखा रडतो.

२

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसणारा लोखंडी गोळा. इंजिनाचा जोर तो दोन्ही चाकांना वाटून देतो. आमचा जुना शर्यतीच्या कामाचा होता, इंजिनाला ऊर फुटेस्तोवर पळवणारा. मला हवा होता निवांत. तो एका मोठ्या, म्हाताऱ्या, चार दारांच्या गाडीचा मिळाला. भंगारवाल्याकडून जेगोने तो आपल्या व्हॅनमधून आणला आणि गॅरेजच्या फरशीवर आदळला.

जेगो आमच्या गाड्यांच्या क्लबातला. डेन्झिलपेक्षा थोडा लहान, वेल्डिंगच्या जोडकामात हात चांगला, तोंड त्याहून चालू.

“बेरिल, हा धोंडा त्या गाडीत बसायचा नाही.”

“धोंडा तुझ्या खांद्यावर आहे. तू मला सांगाड्याला दोन पट्ट्या जोडून दे, बसत कसा नाही ते मी बघते.”

“डेन्झिल असता तर आधी चहा विचारला असता.”

“डेन्झिलच्या हातचा चहा तू कधी संपवला आहेस का? खिडकीतल्या कुंडीत ओतायचास. बघत होते मी.”

त्याने पट्ट्या जोडून दिल्या. गोळा बसला. इंजिनाकडून येणारा मधला दांडा आखूड करून घेतला, दोन्ही बाजूंची दांडे जोडायची तोंडं बदलली. मग राहिलं ते गोळ्यातून चाकांकडे जाणारे दांडे बोल्टांनी पक्के करण्याचं काम. तेवढ्याच बोल्टांवर सगळा जोर येतो. ते सुटले तर दांडा खालून मोकळा फिरतो आणि जे सापडेल ते फोडतो. वर माणूस बसलेला असतो.

उजव्या बाजूचे बोल्ट मी आवळले, नीट, हवा तेवढा जोर बसून पाना ‘टक्’ बोलेपर्यंत. रंग लावला नाही. रविवारी जेगो येईल, तपासेल आणि लावेल, असं ठरलेलं. मग घरात जाऊन कालची पेस्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, गरम केली, खाल्ली, रेडिओवर बातम्या ऐकल्या. परत आले तर उजव्या बाजूच्या सगळ्या बोल्टांवर पिवळ्या रेघा.

अंगठा लावला. रंग ओला होता.

मी कपाटाकडे बघितलं. रंगाची बाटली जागेवर, बूच घट्ट. गॅरेजचं मोठं दार आतून लावलेलं. घरातून यायची वाट स्वयंपाकघरातून, आणि तिथे मी बसले होते.

मी काही चर्चमधल्या बायकांसारखी घाबरट नाही. स्टूल ओढून बसले आणि सरळ विचार केला. रेघा मीच ओढल्या आणि विसरले. हे होऊ शकतं. घरातल्या एकाचं डोकं गेलं म्हणून दुसऱ्याचं शाबूत राहील, असं कुणी लिहून दिलेलं नाही. हा विचार मला भुतापेक्षा वाईट वाटला. मग मी माझी बोटं उजेडात धरून पाहिली. पिवळा होता तो फक्त अंगठ्यावर, नुकताच लागलेला.

३

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात गेले तेव्हा मरिसेल त्याला केशराचा बन भरवत होती. मरिसेल तिथली परिचारिका, फिलिपिन्सची पोर. तिच्यासमोर मी तोंड सांभाळते, कारण ती त्याला माझ्यापेक्षा नीट भरवते.

“नमस्कार, बाई,” डेन्झिल म्हणाला. “गाडी सुरू झाली का?”

“होईल. नवा डिफरन्शियल टाकतेय.”

“बरं बरं,” म्हणाला आणि बनकडे वळला.

मरिसेल मला दारापर्यंत सोडायला आली. “आज्जी, हसू नका हं. काल दुपारी आजोबा मला विचारत होते, त्या बाईबरोबर गॅरेजात कोण आहे?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, कुणी नाही, एकट्याच असतात त्या. तर म्हणाले, आहे. पलीकडच्या बाजूला आहे.”

मी हसले नाही. मला रडूही आलं नाही. मला आनंद झाला, इतका की भिंतीला हात टेकावा लागला. म्हणजे डोकं माझं गेलेलं नव्हतं. आणि इथे खुर्चीत बसलेल्या माणसातून जे हरवलं होतं ते कुठे गेलं होतं, हे मला कळलं असं वाटलं. ते घरी आलं होतं. आपल्या जागेवर, डाव्या बाजूला.

“रोज दुपारी असंच करतात,” मरिसेल म्हणाली. “खुर्ची ढकलत खोलीच्या दारापाशी नेतात आणि बंद दाराकडे बघत बसतात. मी दार उघडून देते, तरी बाहेर येत नाहीत. कुणी आत घेत नाही म्हणून उंबऱ्याशी थांबावं ना, तसे.”

हे तिने सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण माणूस हवं तेवढंच घरी घेऊन जातो.

४

डाव्या बाजूचे बोल्ट मी बोटांनी फिरवून नुसते टेकवले आणि पाना शेजारी पुठ्ठ्यावर ठेवला. मग मोठ्याने म्हणाले, “तुझी बाजू तू बघ. मी चहा टाकते.”

स्वयंपाकघरात किटलीचा आवाज वाढत गेला. तिच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज येत होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पाना ‘टक्’ बोलतो तो आवाज मी ओळखते. तो आला नाही. आला तो कापडाचा, फरशीवरून गुडघे सरकवल्याचा.

परत आले. डाव्या बाजूच्या सगळ्या बोल्टांवर रेघा होत्या. पाना मी ठेवला होता तिथेच, तसाच, मूठ दाराकडे.

रेघा दोघांपैकी ज्याने आवळलं नाही त्याने लावायच्या. मग या बाजूला आवळलं कुणी? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी तो बाजूला सारला. बोटाने एकेक बोल्ट दाबून पाहिला, हलला नाही. बोटाने टेकवलेला बोल्टही बोटाने हलत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं असं नाही.

मग मी चाकाची परीक्षा घेतली. गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवलेली, चारही चाकं अधांतरी. गिअर टाकून ठेवला की मधला दांडा अडतो. अशा वेळी एक चाक हाताने पुढे फिरवलं तर दुसरं आपोआप मागे फिरतं. डिफरन्शियलचा स्वभावच तो. डेन्झिल आणि मी तरुणपणी याचा खेळ करायचो. मी इकडून फिरवायची, तो तिकडून धरून ठेवायचा. मधे गाडी आडवी, एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, पण त्या लोखंडातून त्याचा हात कळायचा. हसायला लागला की पकड थरथरायची.

उजवं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे लोटलं. सहज फिरलं. पलीकडे डावं उलट फिरत असल्याची कुजबुज ऐकू येत होती.

मग चाक थांबलं.

अडकलं नाही. अडकलेलं चाक ठक्‌कन थांबतं. हे हळूहळू जड झालं आणि थांबलं, हाताने धरल्यासारखं. मी जोर लावला. तिकडून तेवढाच जोर आला. मी सोडला, तिकडूनही सुटला. मी पुन्हा धरलं.

“डेन्झिल,” मी म्हणाले.

चाक माझ्या हातात एक बोटभर उलटं सरकलं. मी रडत होते की हसत होते, कुणास ठाऊक. दुपारचं ऊन वरच्या काचेतून इंजिनावर पडलं होतं, शेजारच्या घरात कुणीतरी गवत कापत होतं. तशा दुपारी मी चाकाला गाल लावून बसून राहिले. रबर थंड होतं. पलीकडची पकड अगदी स्थिर होती. ती एकदाही थरथरली नाही.

५

रविवारी जेगो आला. वाकून दोन्ही बाजू बघितल्या, गुडघे धरून उभा राहिला.

“रंग कुणी लावला?”

“लावला.”

“तुझी बाजू ठीक. डावी कुणी आवळली?”

“ज्याची आहे त्याने.”

 त्याने टोपी काढली. जेगो टोपी चर्चमध्ये आणि दफनाला काढतो.

“बेरिल, मला पाना दे. मी तपासतो. चहा होईस्तोवर होईल.”

“रेघा आहेत.”

“अगं, दिसतायत मला रेघा. पाना दे.”

“रेघेवर पाना लावायचा नाही या गॅरेजात. तुला ठाऊक आहे. तू स्वतः डेन्झिलच्या रेघेवर भरवसा ठेवून तुझी गाडी चालवलीस.”

“तेव्हा डेन्झिल ताळ्यावर होता,” जेगो म्हणाला आणि टोपी हातात फिरवली.

“बोल की पुढे.”

“नाही बोलत.”

“तुला वाटतं मी खुळी झालेय.”

“मला वाटतं तू एकटी आहेस. खुळी तू आधीपासूनच आहेस.” तो पुन्हा वाकला, डाव्या चाकाच्या आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. कुत्रा चावायला आल्यासारखा.

“काय झालं?”

“गार आहे,” तो म्हणाला. “तिथलं लोखंड गार आहे.” हात पँटीला पुसत राहिला. “एप्रिल आहे. गार असणारच.”

“मग?”

“मग काही नाही. त्याला गाडीत बसवायच्या दिवशी मला बोलाव, उचलायला.” दारात थांबून म्हणाला, “पाना लाव गं, बाई. माझ्यासाठी लाव. नंतर रेघ मी ओढतो, नाहीतर तू ओढ. माझं नाक काप हवं तर.”

मी त्याला चहा विचारला नाही.

त्याने सांगितलेलं मी करायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण त्या पान्याने मी नक्की काय तपासणार होते? बोल्ट सैल निघाले असते तर पलीकडे डेन्झिल नाही हे कळलं असतं. घट्ट निघाले असते तर मी त्याला खोटं ठरवायला गेले हे त्याला कळलं असतं. मी पाना कपाटात ठेवला.

६

शेवटचं काम गोळ्यात तेल भरायचं. त्यासाठी फळीवर उताणं पडून गाडीखाली सरकावं लागतं. तेल भरलं, बूच लावलं. बुचाखाली थेंब येतो का ते बघायला मान वळवली, तेव्हा गोळ्याच्या पलीकडे, डाव्या चाकाच्या मागे मला तपकिरी कापड दिसलं. गुडघे. पुठ्ठ्यावर टेकलेले दोन गुडघे, कामाच्या पँटीचे, उजव्या गुडघ्यावर ठिगळ. ठिगळ मीच लावलेलं होतं.

मी तशीच पडून राहिले. ते हलले नाहीत. मी नाव घेणार होते. ओठ उघडलेही होते.

मग माझी नजर पुठ्ठ्यावर गेली. तो खोक्याचा पुठ्ठा, आत पन्हाळी असलेला. त्यावर मी एक कोपर टेकलं तरी चुरगळतो. त्या गुडघ्यांखाली तो सपाट होता. नवा असल्यासारखा, कुठेही दबलेला नाही.

मी डोळे मिटले. माझा चष्मा दुहेरी काचांचा, उताणं पडून खालच्या काचेतून बघितलं की सगळंच वाकडं दिसतं. डोळे उघडले तेव्हा पुठ्ठा होता, ऊन होतं, चाक होतं.

बाहेर आल्यावर मी ती पँट शोधली. ती वरच्या खोलीत, कपाटात, इस्त्री करून ठेवलेली. गुडघ्यांवर हात फिरवला. कोरडी, स्वच्छ. मला हायसं वाटायला हवं होतं.

७

मे महिन्यात एक दिवस लख्ख उजाडला. जेगो आणि मरिसेलने डेन्झिलला उचलून डावीकडच्या जागेत बसवलं, पट्टा लावला, मफलर गुंडाळला, मांडीवर घोंगडी घातली. हात घोंगडीखाली. जेगोने एकदा खाली चाकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. 

“सावकाश न्या हं आज्जी,” मरिसेल म्हणाली. “चहाच्या वेळेआधी आणा.”

“बाई, आपण कुठे चाललोय?” डेन्झिलने विचारलं.

“वर, माळावर.”

 गावात तो घाबरला नाही, एवढंच. चढ संपला, जुन्या खाणीची धुराडी मागे पडली, पुढे रस्ता सरळ आणि मोकळा. मी तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. मागून किंचाळी आली नाही. फक्त वाऱ्याचा आवाज आणि इंजिनाची समाधानी गुरगुर.

“हा जुना नाही,” डेन्झिल म्हणाला.

मी रस्त्यावरच नजर ठेवली.

“निवांत आहे. कुठून उचललास? चौथा टाक गं बेरिल, उगाच ताणू नकोस तिला.”

मी चौथा टाकला. समोरचा रस्ता ओला दिसत होता. डोळ्यांना वारा लागत होता म्हणा.

“ओळखलंस मला?”

“तुला न ओळखून जाईन कुठे? अशी गिअर बदलणारी बाई सबंध कॉर्नवॉलात दुसरी नाही, देवाची कृपा.” तो हसला. तोच हसला, आवाज बसका, शेवटी खोकला. मग त्याने जेगोचं विचारलं, कुंडीतल्या झाडाचं विचारलं. चुकीचं काहीच विचारलं नाही. मी उत्तरं देत गेले. एवढ्या वर्षांत मी इतकी मुकाट्याने त्याची बोलणी कधी ऐकली नव्हती.

“पट्ट्या कुणी जोडल्या?”

“जेगोने.”

“चांगल्या असतील मग. आणि डाव्या बाजूचे बोल्ट?”

“तू,” मी म्हणाले. “तूच की. रोज दुपारी यायचास.”

तो हसायचा थांबला.

“मी तर खुर्चीत होतो, बेरिल.”

“देहाने होतास.”

“यायचो मी,” तो म्हणाला, शांतपणे, पूर्वी एखादं यंत्र कसं मोडलं ते सांगायचा तसा. “दारापर्यंत यायचो. आत येता यायचं नाही. माझ्या जागेवर तो बसलेला असायचा. मी म्हणायचो, सरक. तो सरकायचा नाही. तू त्याच्याशी बोलायचीस.”

“कोण तो?”

“मला वाटलं तुला ठाऊक आहे.”

त्याच्या सीटखालून तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. बारीक, चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर एकदा. माझी नजर डावीकडच्या छोट्या गोल आरशात गेली. गाडीच्या कडेवर एक कोपर टेकलेलं होतं, तपकिरी बाहीचं. वारा एवढा होता की डेन्झिलचा मफलर मागे फडफडत होता. ती बाही हलत नव्हती. डेन्झिलचे दोन्ही हात घोंगडीखाली होते.

“थांबव,” डेन्झिल म्हणाला. “खाली उतर आणि पाना लाव.”

मी पाय उचलला. इंजिनाचा आवाज खाली आला, आणि त्याबरोबर त्याचा चेहराही उतरत गेला. ओठ सैल झाले, डोळ्यांतला माणूस मागे सरकला.

“बाई,” तो अदबीने म्हणाला, “गाडी सुरू झाली का?”

मी पाय दाबला. आवाज चढला. त्याने मान झटकली, माझ्याकडे वळला, आणि त्याचे डोळे पुन्हा त्याचे होते. ते घाबरलेले होते, माझ्यासाठी. खालचा आवाज आता दुहेरी झाला होता. घराकडे जायचा फाटा समोर आला, दगडी खांब, पांढरी पाटी, आणि मागे गेला.

“बेरिल, ऐक माझं. थांब.”

माझं नाव त्याने अजून एकदा घ्यावं म्हणून मी पाय आणखी दाबला.